एका झटक्याला दोन ठोके का पडतात?

'गिटार हिरो' हा गेम २००५ मध्ये आला. त्याच्या प्लास्टिकच्या गिटारला तारा नसतात. मानेवर पाच रंगीत बटणं असतात आणि तारांच्या जागी वर-खाली हलणारी एक पट्टी, म्हणजे स्ट्रम बार. बटण आणि झटका वेळेवर जुळले की सूर लागतो. पण वापरून झिजलेल्या गिटारमध्ये एक दुखणं वारंवार दिसतं: झटका एकच दिलेला असतो, गेम मोजतो दोन. दुसरा ठोका चूक धरला जातो आणि रंगात आलेली लय तुटते.

यावर अनेक जण थेट पट्टीचे स्विच (वरच्या झटक्याला एक, खालच्याला एक) बदलायला घेतात. माझ्या मते आधी जादा ठोक्याची दिशा पाहावी. खाली झटका दिल्यावर दुसरा ठोकाही खालचाच नोंदला गेला, तर संशय स्विचवर. धातूची पाती संपर्कावर आदळते तेव्हा लगेच स्थिरावत नाही, काही क्षण थरथरते, आणि ती थरथर सर्किटला नवा झटका वाटू शकते. जादा ठोका वरचा असेल, तर स्विच बहुधा निर्दोष असतो. सुटलेली पट्टी स्प्रिंगच्या जोराने मध्य ओलांडते आणि पलीकडच्या स्विचला टेकते. अशा वेळी पट्टीच्या मार्गात फोमचा पातळ तुकडा बसवला की तिचा जोर जिरतो.

थरथरीचा इलाज मात्र प्रोग्रॅममध्येही करता येतो. त्यासाठी हौशी मंडळी मूळ सर्किट काढून छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, बसवतात. सगळी गंमत इथेच आहे. पाती स्थिर होईपर्यंत थांबून मग झटका कळवला, तर प्रत्येक सुराला तेवढा उशीर होतो. त्यापेक्षा पहिला संपर्क तत्काळ कळवावा आणि पुढचे ५ ते १० मिलिसेकंद त्या स्विचकडे दुर्लक्ष करावं. उशीर शून्य, थरथर गायब. खरे झटके यात हरवत नाहीत: मिनिटाला २०० ठेक्यांच्या गाण्यात ठेक्याला चार झटके दिले, तरी दोन झटक्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर उरतं.

बटणांचं काम त्यामानाने सरळ आहे. अनेक गिटारमध्ये बटणाखाली रबर आणि त्याला कार्बनची टिकली असते. ती तळाला टेकल्याशिवाय बटण लागत नाही. त्याऐवजी मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच बसवतात. त्यांतले बरेचसे ४ मिलिमीटरच्या प्रवासात साधारण अर्ध्यावरच लागतात, त्यामुळे बोटांना कमी दाबावं लागतं. पण सोल्डरिंगला हात घालण्याआधी टिकल्या आणि त्यांच्याखालचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून पाहा. कधी कधी बटण अडण्याचं कारण फक्त साचलेला मळ असतो.