मोगरा उडतो, चंदन बसतं

लग्नाला निघताना आमचे आजोबा कापसाचा हरभऱ्याएवढा बोळा अत्तरात भिजवायचे आणि कानाच्या वरच्या खळगीत खोचून द्यायचे. त्याला फाया म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढीला बसले की शेजारून जाताना तो वास अजून यायचा. त्याच लग्नात आईने माळलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याचा सुगंध मात्र रात्रीतच उतरलेला असायचा. फुलाचा वास एका रात्रीचा आणि फुलापासूनच काढलेल्या अत्तराचा वास दोन दिवसांचा, हे कसं, याचा उलगडा मला खूप उशिरा झाला. घरी तेलं मिसळून सुगंध करायला बसलात, तर सगळ्यात आधी हेच कळायला हवं.

वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू सुटून हवेतून आपल्या नाकापर्यंत येतात. नाकाच्या आत, अगदी वरच्या बाजूला, वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही त्यांची वाट पाहत असतात. या ग्राहींच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये जाहीर केला आणि त्यासाठी २००४ चं नोबेल मिळवलं. आपल्या कामाची गोष्ट त्याच्याही आधीची आहे: जे दरवळतं ते खर्च होत असतं. नाकात पोहोचलेला प्रत्येक रेणू मनगटावरून वजा झालेला असतो. म्हणून सुगंध करणाऱ्याचा खरा प्रश्न ‘कोणता वास’ एवढाच नसतो. कोण किती वेगाने उडून जाणार, हाही असतो.

हे स्वतः करून बघा. जाड टिपकागदाच्या तीन पट्ट्या कापा. एकीवर संत्र्याच्या तेलाचा थेंब टाका, दुसरीवर जिरेनियमचा, तिसरीवर वाळ्याचा. पहिली पट्टी काही तासांतच पडते, दुसरी संध्याकाळपर्यंत चालते आणि वाळ्याची पट्टी दोन दिवसांनीही बोलत असते.

संत्र्याच्या सालीत मुख्यतः लिमोनीन असतं. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, बस. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल दाबली की जे तडतडून पेटतं ते हेच. या रेणूंना एकमेकांना धरून ठेवायला फारसं काही नसतं. मोगऱ्यात आणि लव्हेंडरमध्ये असणाऱ्या लिनालूलमध्येही कार्बन दहाच, पण त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. त्या जोडीमुळे रेणू एकमेकांचा हात धरतात आणि लिनालूलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन सुटण्याचा जोर, लिमोनीनच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. चंदनातलं सँटलॉल आणि वाळ्यातलं खुसिमॉल यांच्यात तर पंधरा कार्बन, शिवाय तीच हात धरणारी जोडी. असा जड रेणू अंगाच्या उबेने सहजासहजी उठत नाही. दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, चंदन यांचीच भर का असते, ते यावरून लक्षात येईल. वर्षभर डब्यात राहूनही वास टिकवणारी ही सगळी मंडळी याच जड घराण्यातली.

पण फायातलं अत्तर मोगऱ्याचं होतं, चंदनाचं नव्हे. मग ते का टिकलं?

त्याचं उत्तर कन्नौजच्या भट्टीत आहे. उत्तर प्रदेशातल्या या गावात तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, तोंड मातीने लिंपतात आणि खाली लाकडं, गोवऱ्या पेटवतात. तेल आणि पाणी एकत्र तापलं की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळतो. त्यामुळे एरवी १९८ अंशांना उकळणारं लिनालूल १०० अंशांच्या आतच पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर पडतं. ही वाफ चोंगा नावाच्या बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. गार पाण्यात ठेवलेल्या या भांड्यात आधीच चंदनाचं तेल भरलेलं असतं. मग पाणी काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी ताजी फुलं घालायची आणि वाफ पुन्हा त्याच चंदनात उतरवायची. असे कित्येक दिवस. पहिल्या पावसाच्या वासाचं मातीचं अत्तरही असंच, भाजलेल्या मातीवरून, चंदनातच उतरवतात.

मोगऱ्याचा एखादा रेणू चंदनाच्या दहा रेणूंच्या गराड्यात असला की पृष्ठभागावर येऊन निसटण्याची त्याची संधी तेवढ्या पटीने कमी होते. वर चंदनाचा ऑक्सिजनही त्याला धरून ठेवतो. मोगरा उडतोच, पण सावकाश. कानाच्या खळगीत वारा कमी लागतो, म्हणून तिथे हा हिशेब आणखी लांबतो. हल्ली चंदन इतकं महाग झालंय की पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफीन वापरतात. उडण्याला ते थोडं आवरतं, पण चंदनाचा स्वतःचा वास त्यात नाही आणि मला ती उणीव जाणवते.

घरी करताना स्पिरिटच्या मागे लागू नका. दवाखान्यातल्या स्पिरिटला स्वतःचाच उग्र वास असतो. १० मिली जोजोबा तेल घ्या. ते खरं तर द्रवरूप मेण आहे आणि सहसा खवट होत नाही. खोबरेल थंडीत गोठतं आणि त्याचा वासही मध्ये येतो. जोजोबात वाळा ४ थेंब, जिरेनियम ४ आणि गोडं संत्रं ४. वाळा आधी टाका, कारण तो काकवीसारखा सावकाश पडतो आणि घाईत हमखास थेंब चुकतो. हे सगळं मिळून साधारण ६ टक्के होतं. मनगटाला किंवा कानामागे एवढं पुरतं. मिसळताना सारखं हुंगत राहू नका. नाक थकतं आणि आहे तो वास कळेनासा होतो. उठून गच्चीत जाऊन या, मग ठरवा. आणि मग बाटली दोन आठवडे अंधारात विसरून जा.

‘मोगरा इसेन्शियल ऑइल’ म्हणून बाजारात स्वस्तात मिळणारी बाटली मात्र घेऊ नका. मोगऱ्याच्या नाजूक फुलांतून नुसत्या वाफेने तेल जवळजवळ निघतच नाही, आणि एक किलो गुलाबतेलाला तीन ते चार टन पाकळ्या लागतात. त्या किमतीत जे मिळतं ते प्रयोगशाळेतलं मिश्रण असतं. त्यात पाप नाही, पण तुम्ही तेलाचे पैसे मोजताय. लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का, एवढं तरी बघा.

एका गोष्टीबद्दल मी आग्रहाने सांगतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या आणि साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात फ्युरोकुमारिनं नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. वर गोडं संत्रं सुचवलं ते यासाठीच. दालचिनीचं तेल अंगाला लावायच्या मिश्रणात घालूच नका. कोणतंही नवं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. तान्ह्या बाळाच्या अंगाला ही तेलं लावू नयेत, आणि घरात मांजर असेल तर बाटल्या तिच्यापासून दूर ठेवाव्यात. तिच्या यकृताला यातले बरेच रेणू पचवता येत नाहीत.

बाटलीवर तारीख लिहा. लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावून जे पदार्थ बनवतात, त्यांनी मूळ तेलापेक्षा कितीतरी अधिक लोकांना पुरळ उठतं. संत्र्याचं तेल गडद काचेच्या बाटलीत, गार जागी ठेवून वर्षभरात संपवावं. वाळ्याला ही घाई नाही. तो जसा जुना होतो, तसा अधिक गोल, अधिक गोड होत जातो.