मन मोकळं करणं आणि उगाळत बसणं

"मैत्रिणीशी बोल, बरं वाटेल." आठवी-नववीतल्या मुलींना हे आई सांगते, शाळेतल्या बाई सांगतात, सकाळी सकाळी येणारे गुलाबाच्या फुलाचे फॉरवर्डसुद्धा सांगतात. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, याचा मला वैताग येतो.

मन मोकळं करणं सगळ्यांनाच ठाऊक आहे. बोललो, थोडं रडलो, समोरच्याने ऐकून घेतलं, हात धुऊन जेवायला बसलो. त्यावर जास्त लिहीत नाही.

गोंधळ होतो तो उगाळण्यात. शिकवणी सुटल्यावर सायकली लावतात तिथे दोघी उभ्या आहेत. तिसरीचा मेसेज आलाय : 'ठीक आहे.' पुढे पूर्णविराम. एरवी ती पूर्णविराम देत नाही. मग चिडली का? कुणी कान भरले का? स्टेटसला ठेवलेलं गाणं आपल्यालाच उद्देशून आहे का? "दाखव ना परत," म्हणून तोच स्क्रीनशॉट पुन्हा उघडला जातो. घरी गेल्यावर फोन, रात्री चॅट. झोपायची वेळ झाली तरी हातात काय, तर दोन शब्द आणि एक टिंब.

मिसुरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये या प्रकारावर 'को-रुमिनेशन' (म्हणजे दोघींनी मिळून उगाळणं) या नावाने संशोधन प्रसिद्ध केलं. २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलामुलींचा सहा महिन्यांचा अभ्यास मांडला. जास्त उगाळणाऱ्या मुलींची मैत्री आणखी घट्ट झाली आणि त्याच मुलींमध्ये उदासी व चिंतेची लक्षणंही वाढली. शिवाय आधीच खचलेल्या मुली उगाळण्याकडे जास्त वळत होत्या. मेख इथेच आहे. जीव लावणारी मैत्रीण खरोखरच मिळालेली असते, त्यामुळे काही बिघडतंय अशी शंका घरच्यांनाही येत नाही आणि त्या दोघींनाही नाही. मुलग्यांमध्ये मैत्री वाढली, लक्षणं वाढली नाहीत. यावरून "मुलग्यांसारखं गप्प राहायला शिका" असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. मुलगेही बोलतच होते.

किती वेळ बोलल्या, किती रडल्या, याला मी फारसं महत्त्व देत नाही. दुसऱ्यांदा बोलताना नवीन काय आलं, एवढंच बघते. एखादी नवी माहिती, एखादा निर्णय, निदान एखादं हसू. नुसतेच तिसरीच्या मनातले अंदाज असतील, तर ते उगाळणंच.

फोन काढून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी बाकावर तेच सुरू होतं. आणि आयांनो, लेकीच्या खांद्यावरचं दप्तर उतरायच्या आत "आज बोलली का ती तुझ्याशी?" असं रोज विचारणं हेही उगाळणंच आहे बरं का.

ऐकणाऱ्या मैत्रिणीला मी सांगते, एकदा सगळं नीट ऐक. मग विचार, "उद्या तिला सरळ काय विचारणार?" ते ठरलं की खुशाल दुसरा विषय काढ, त्यात दगाबाजी नाही. मात्र ती झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर ते गुपित ठेवायचं नाही. लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि काळजीत पडलेल्या मैत्रिणीनेही तो लावायला हरकत नाही.