डीईए: बाजारभाव नसलेल्या ठिकाणी कार्यक्षमता मोजण्याचा इतिहास

दर कर्मचाऱ्यामागे ठेवी मोजल्या की बँकेची एक शाखा पुढे दिसते, खर्चामागे कर्जे मोजली की दुसरी. सगळी गुणोत्तरे एकत्र करायची तर प्रत्येकाला किती वजन द्यायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजेच डीईए, ही कार्यक्षमता मोजण्याची पद्धत या प्रश्नातून वाढली.

पाया घातला तो 1957 मध्ये अर्थतज्ज्ञ एम. जे. फॅरेल यांनी, अमेरिकेतील 48 राज्यांच्या शेतीची आकडेवारी घेऊन. तुलना सरासरीशी न करता प्रत्यक्षात दिसलेल्या सर्वोत्तम कामगिरीशी करायची, ही त्यांची कल्पना. समजा, 100 अर्ज निकाली काढायला ‘अ’ कार्यालयाला 2 कर्मचारी व 4 यंत्रे लागतात, ‘ब’ला 4 व 2, आणि ‘क’ला 4 व 4. अ आणि ब यांचे निम्मे-निम्मे मिश्रण 3 व 3 मध्ये तेच काम उरकते. म्हणून ‘क’चा कार्यक्षमता-गुणांक 3/4, म्हणजे 0.75. गुणांकासोबत कोणाकडून शिकायचे तेही कळते, आणि व्यवस्थापनाला खरा उपयोग त्याचाच.

फॅरेल यांची मांडणी मुख्यतः एकाच आउटपुटपुरती होती. पुढचे पाऊल शाळांमुळे पडले. कार्नेगी मेलन विद्यापीठात एडवर्डो ऱ्होड्स ‘प्रोग्रॅम फॉलो थ्रू’ या वंचित मुलांसाठीच्या अमेरिकी शिक्षण योजनेचे मूल्यमापन करत होते. इनपुटमध्ये आईचे शिक्षण, पालकांच्या शाळाभेटी, शिक्षकांची संख्या. आउटपुटमध्ये वाचन, गणित आणि आत्मसन्मान यांचे गुण. यांतल्या कशालाच बाजारभाव नाही. ऱ्होड्स आणि त्यांच्यासोबतचे संशोधक चार्न्स व कूपर यांनी 1978 मध्ये उत्तर दिले: प्रत्येक एककाने (तुलनेतील प्रत्येक शाळेने, शाखेने वा कार्यालयाने) स्वतःला सर्वांत अनुकूल भारांक, म्हणजे वजने, निवडावेत, मात्र त्याच भारांकांनी कोणाचाही गुणांक 1 च्या वर जाऊ नये. गुणांक म्हणजे भारित आउटपुट भागिले भारित इनपुट; हे गुणोत्तर रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे संगणकाला सहज सुटणाऱ्या सरळ समीकरणांच्या गणितात, बदलण्याची युक्ती चार्न्स आणि कूपर यांनी 1962 मध्येच दिली होती. दर एककासाठी एक गणित सोडवायचे, इतकेच.

या सवलतीची किंमत लगेच दिसली. भारांक शून्य ठेवता येत असल्याने एखाद्या इनपुटची उघड उधळपट्टी करणारे एककही 1 मिळवू शके. 1979 च्या दुरुस्तीत भारांक शून्याहून मोठे असण्याची अट आली. 1986 मध्ये टेक्सासमधील भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी सहा जागांची तुलना करताना बहुतेक सगळ्याच कार्यक्षम ठरल्या, आणि भारांकांच्या परस्पर प्रमाणाला मर्यादा घालण्याची पद्धत पुढे आली. एकके थोडी आणि घटक भरपूर असले की आजही हेच होते. निदान इनपुट-आउटपुटच्या एकूण संख्येच्या तिप्पट एकके हवीत, हा संकेत त्यासाठीच.

1984 मध्ये बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी मिश्रणातील प्रमाणांची बेरीज 1 असावी ही अट जोडली. त्यामुळे लहान शाखेची तुलना तिच्या आकाराच्या शाखांशी होते. पण सावध राहावे: या मॉडेलमध्ये ज्या शाखेचे एखादे इनपुट सर्वांत कमी, तिला इनपुट बाजूने मोजताना आपोआप 1 मिळतो. 1978 चे आणि 1984 चे अशी दोन्ही मॉडेल चालवून त्यांच्या गुणांकांचे गुणोत्तर पाहिले, तरच आकाराचा दोष वेगळा काढता येतो.

मूळ पद्धतीत नोंदींतील चुका हिशोबात घेण्याची सोय नाही. सर्वोत्तम कामगिरीची सीमारेषा टोकाच्या एककांवर उभी असते. तिथली एक खोटी नोंद अनेकांचे गुणांक खाली ओढते. सिमार आणि विल्सन या संशोधकांनी 1998 मध्ये बूटस्ट्रॅप, म्हणजे उपलब्ध आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढण्याचे तंत्र, वापरून गुणांकांना विश्वास-अंतराल (खरा गुणांक ज्यात असण्याची शक्यता मोठी, अशी कक्षा) दिले. ते करणे शक्य नसेल, तर सर्वाधिक जणांसाठी आदर्श ठरलेले एकक वगळून गणित पुन्हा चालवावे आणि कोणाचे गुणांक किती हलले ते तपासावे.