बुश बेअरिंगचे वंगण

टेबल फॅन, एक्झॉस्ट फॅन, शिलाई मशीन यांच्या जुन्या लहान मोटरींमध्ये रोटरचा (फिरत्या भागाचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, बहुधा बॉल बेअरिंगवर नव्हे, तर दोन टोकांच्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या धातूच्या लहान नळ्यांमध्ये, फिरतो. हे बुश ओतीव नसतात. साधारण ९० टक्के तांबे व १० टक्के कथिल यांची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत तापवून ते तयार करतात. त्यांच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा सूक्ष्म छिद्रांचा असतो व ती छिद्रे कारखान्यातच तेलाने भरलेली असतात. शाफ्ट फिरून तापू लागला, की तेल बाहेर येऊन शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये पातळ थर धरते, आणि मोटर थांबून थंड झाली, की त्यातले बरेचसे केशाकर्षणाने पुन्हा छिद्रांत शिरते. बुशभोवतीचा नमद्याचा तुकडा हा या तेलाचा राखीव साठा होय.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने हे तेल लाखेसारखे तपकिरी व चिकट होते. मग बटण दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणते आणि पाते हाताने ढकलल्याशिवाय पंखा फिरत नाही. कपॅसिटर बिघडला तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी प्लग काढून पाते बोटाने फिरवून पाहावे: निरोगी पंखा बराच वेळ सहज फिरत राहतो, चिकटा धरलेला मात्र एक-दोन फेऱ्यांतच थांबतो.

अशा वेळी नवे तेल ओतण्यापेक्षा जुना चिकटा काढणे अधिक महत्त्वाचे असते. शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसावा. बुश रॉकेलने धुतला, तर त्याच्या छिद्रांतले तेलही निघून जाते. तो पूर्ण वाळवून गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीतल्या तेलात बुडवावा. छिद्रांतली हवा बारीक बुडबुड्यांनी वर येते आणि बुडबुडे थांबेपर्यंत त्याला तेथेच राहू द्यावे.

तेल एसएई २० या दाटपणाच्या दर्जाचे, मोटरींसाठीचे खनिज तेल असावे. शिलाई मशीनचे तेल हलक्या पंख्याला चालते, पण पातळ असल्याने ते लवकर ओसरते. आपल्या घरांत सर्रास वापरले जाणारे खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते आणि कालांतराने स्वतःच चिकट होते, त्यामुळे ते कटाक्षाने टाळावे. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यांतला द्रावक उडून जातो व मागे पुरेसे वंगण उरत नाही. ग्रीस तर या छिद्रांत शिरतच नाही.

जोडणी झाल्यावर नमद्यावर दोन-तीन थेंब पुरतात. जास्तीचे तेल वाइंडिंगवर (तारेच्या वेटोळ्यांवर) जाऊन धूळ धरते. शिलाई मशीनसारख्या कार्बन ब्रशच्या मोटरीत ते कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) पोचले, तर कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा काळा चिखल होतो व ठिणग्या उडू लागतात. शाफ्ट लांबीच्या दिशेने किंचित सरकणे स्वाभाविक आहे, मात्र तो आडवा हलत असेल, तर बुश झिजलेला असतो आणि तो बदलावाच लागतो.