कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची झूम लेन्स अडकणे

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची झूम लेन्स अडकणे, साध्या भाषेत लेन्स जाम होणे, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची पुढे येणारी लेन्स चालू-बंद होताना मधेच थांबते आणि मग धड बाहेर नाही धड आत नाही अशी राहून जाते. स्क्रीनवर एक ओळ येते, बीप बीप होतं आणि कॅमेरा आपला आपण बंद पडतो. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट आणि इक्सस कॅमेऱ्यांवर ही ओळ म्हणजे नुसतं 'ई१८' असायचं, आणि ते इतकं गाजलं की बऱ्याच लोकांच्या तोंडी ई१८ हेच या आजाराचं नाव झालं. नंतरच्या मॉडेलवर 'लेन्स एरर, रीस्टार्ट कॅमेरा' यायला लागलं, निकॉनवर 'लेन्स एरर' येतं, पॅनासॉनिकवर 'सिस्टिम एरर' आणि पुढे झूम, सोनीवर बंद करून परत चालू करा असं किंवा ई:६१ ने सुरू होणारा कोड.

शब्द वेगळे असले तरी कॅमेऱ्याचं म्हणणं एकच असतं, की लेन्स जिथे पोचायला हवी होती तिथे वेळेत पोचली नाही. काय मोडलंय हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्यामुळे एररच्या कोडवर डोकं खाजवत बसण्यापेक्षा कान लावून आवाज ऐकणं आणि लेन्सकडे बाजूने नीट बघणं यातून जास्त कळतं.

आत काय असतं

झूम लेन्सवाला पहिला कॉम्पॅक्ट कॅमेरा पेंटॅक्सने १९८६ साली आणला, झूम ७०, तो रोलचा होता. डिजिटल आल्यावर कॅमेरे बारीक होत गेले आणि एवढी मोठी लेन्स एवढ्याशा डबीत बसवायची म्हणजे ती घडी घालूनच बसवावी लागणार. प्रवासाला न्यायचा घडीचा ग्लास असतो ना, रिंगा एकात एक सरकणारा, तसंच हे प्रकरण. दोन-तीन नळ्या एकात एक, नळीच्या आतल्या बाजूला तिरप्या खाचा, आणि त्या खाचांमधून धावणाऱ्या छोट्या पिना. बाहेरची रिंग गोल फिरली की पिना खाचेतून वर चढतात आणि नळी पुढे येते. फिरवायला एक पिटुकली मोटर आणि तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या गिअरची माळ. मोटर जोरात फिरते पण तिच्यात दम नसतो, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात.

लेन्स किती पुढे आली हे मोजायला एक बारीक सेन्सर असतो, एका बाजूला दिवा, समोर प्रकाश ओळखणारा भाग, मधे खाचा पाडलेलं चक्र. चक्र फिरलं की उजेड तुटत तुटत पोचतो आणि कॅमेरा ते ठोके मोजतो. ठोके यायचे थांबले की कॅमेरा समजतो काहीतरी अडलंय आणि मोटर जळू नये म्हणून सगळं बंद करतो. म्हणजे एरर येणं हे खरं तर त्याचं शहाणपणच आहे, आपल्याला फक्त त्या वेळी तसं वाटत नाही.

या भानगडीतून सुटायचे प्रयत्नही झाले. मिनोल्टाने २००२ मध्ये डायमेज एक्स काढला, त्यात उजेड आत आल्यावर काटकोनात वळवून लेन्स कॅमेऱ्याच्या अंगातच उभी बसवली होती, बाहेर काही येतच नाही. सोनीच्या टी मालिकेतही तेच तत्त्व. त्या कॅमेऱ्यांना बाकी दुखणी असतील पण नळीत वाळू जाऊन अडकणं हे त्यांच्या नशिबात नाही.

का अडकते

पहिलं कारण वाळू. नळ्यांमधली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी आणि बारीक वाळूचा कण पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आत जायला जागा आहे पण आत गेल्यावर फिरायला नाही. त्यात नळी पुढे येते तेव्हा आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा ओढली जाते, हवेबरोबर जे असेल ते. कोकणातल्या किनाऱ्यावर वारा सुटलेला असताना दहा वेळा कॅमेरा चालू-बंद करणं म्हणजे पंपाने वाळू भरणंच.

आपल्याकडे याहून वाईट प्रकार म्हणजे गुलाल आणि भंडारा. वाळूचा कण निदान कडक असतो, झटकला तर पडतो तरी. जेजुरीला भंडारा उधळताना किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालात काढलेल्या कॅमेऱ्यात ती पूड आतल्या ग्रीसला चिकटते आणि तिचा लगदा होतो. मग लेन्स एकदम अडकत नाही, महिनाभर हळूहळू जड होत जाते आणि एक दिवस थांबते, आणि मालकाला मिरवणूक आठवतही नाही.

दुसरं कारण पडणं. लेन्स बाहेर असताना कॅमेरा तोंडावर पडला की पीन खाचेतून निसटते आणि नळी तिरकी होते. तिसरं कारण बॅगेत चुकून चालू होणं, पाऊचमध्ये बटण दाबलं जातं, लेन्स बाहेर यायला बघते, समोर कापड, जागा नाही, आणि गिअरचा दात जातो. चौथं बॅटरी, आणि हे लोकांना खोटं वाटतं. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात रिमोटमधले साधे सेल घातले तर लेन्स अर्ध्यावर येऊन मान टाकते, कारण मोटर एकदम जास्त करंट मागते आणि त्या सेलला तो देता येत नाही. चार्जिंगचे सेल दिसायला १.२ व्होल्टचे आणि अल्कलाइन १.५ चे, पण कॅमेऱ्यात चांगले चार्जिंगचेच जास्त टिकतात, कारण जोर लागतो तेव्हा त्यांचा व्होल्टेज तितका बसत नाही.

आवाजावरून ओळख

खोलीतला पंखा बंद करा, कॅमेरा कानाजवळ धरा आणि बटण दाबा. काहीच आवाज नाही, लेन्स हललीही नाही, तर बॅटरी संपलेली, नाहीतर आतली पट्टीसारखी केबल तुटलेली, किंवा मोटर गेलेली. मोटर घुंऽऽ करते पण नळी जागची हलत नाही, म्हणजे गिअर घसरतोय, दात गेलाय किंवा गिअर दांडीवर सैल झालाय, अशा वेळी बाहेरून काही करून उपयोग नसतो. कर्र करून थोडी हलते आणि थांबते, तर आत काहीतरी अडकलंय, यात आशा आहे. आणि चौथा प्रकार फसवा, लेन्स मस्त पूर्ण बाहेर येते, एक क्षण थांबते आणि मग एरर, याचा अर्थ झूम ठीक आहे पण आतला फोकसचा भाग, शटर किंवा हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा भाग जागेवर येत नाहीये. अडकलेली वाळू काढायला नळीच्या फटीत कागदाची पट्टी फिरवतात, ते पुढे येईलच, पण इथे ती घालणारे उगाच घालतात.

आवाजानंतर नजर. लेन्स बाजूने बघा, नळीभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे का. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेली दिसली तर वाळू नाही, पीन निसटलीय.

काय करून बघायचं

सगळ्यात आधी फोटो वाचवा, म्हणजे कार्ड काढून घ्या, त्याला काही झालेलं नसतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो बघायच्या बटणाने चालू केलं तर लेन्स बाहेर येतच नाही, तसेही फोटो बघता येतात.

मग बॅटरी. पूर्ण चार्ज करा, किंवा नवे सेल घाला, बॅटरीचे आणि आतले पत्र्याचे टोक खोडरबरने घासा, खोडरबरचा चुरा आत सांडू देऊ नका. बॅटरी काढून थोडा वेळ तशीच ठेवा आणि परत घाला. ऐकायला बावळट वाटतं, पण ज्या केसेस सुटतात त्यातल्या काही इथेच सुटतात आणि लोक तोवर लेन्स ओढून मोकळे झालेले असतात.

करकर येत असेल तर कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबराच्या फुग्याच्या ब्लोअरने फटीत गोल फिरवत हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी जाते. गाड्यांच्या गॅरेजमधली हवा तर नकोच, ती वाळू आणखी आत ढकलते. नंतर पातळ कागदाची पट्टी फटीत घालून हलक्या हाताने गोल फिरवायची. पट्टी आत सेंटिमीटरभरापेक्षा जास्त घालू नका कारण आत धूळ आणि उजेड अडवणारी एक मऊ रिंग असते, ती सरकली तर नवीन दुखणं.

माझं सांगतो, गुहागरला संध्याकाळी वारं होतं आणि मी सूर्य पकडायच्या नादात कॅमेरा सारखा चालू-बंद करत होतो. खोलीवर येऊन बटण दाबलं तर कर्र, आणि लेन्स अर्ध्यावर. जवळ ब्लोअर नाही, काहीच नाही, खिशात एसटीचं तिकीट होतं, ते उभं फाडून पट्टी केली, कॅमेरा उलटा धरला, खाली पांढरी ताटली ठेवली आणि पट्टी फिरवत बसलो. पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला एका जागी, साधारण घड्याळात चार वाजतात तिथे, पट्टी अडखळायला लागली, तिथेच मागे-पुढे केली तेव्हा ताटलीत टिक असा आवाज आला, ऐकू येईल इतका. एक काळा कण. त्यानंतर अजून दोन. बटण दाबलं, लेन्स आत गेली, बाहेर आली. कर्र पूर्ण कधीच गेली नाही म्हणा, पण कॅमेरा चालला.

तिरकी झालेली लेन्स हे शेवटचं आणि जोखमीचं काम. कॅमेरा चालू करायचा आणि मोटर फिरत असतानाच जी बाजू जास्त वर आलीय तिच्यावर अंगठ्याने हळू दाब द्यायचा, पीन खाचेत बसली तर कट् असा आवाज येतो. बसली तर कॅमेरा सुरू होतो, पण एकदा निसटलेली पीन परत निसटायची शक्यता असते कारण खाचेची कड झिजलेली असते. जोर लावायचाच तर मोटर चालू असतानाच, बंद कॅमेऱ्याची लेन्स पकडून ओढली किंवा दाबली तर गिअर उलटे फिरायला तयार नसतात आणि दातच तुटतात. कॅमेरा तळहातावर कडेने थोपटणे हाही एक जुना उपाय आहे, थोपटणे म्हणतोय, आपटणे नाही.

तेल घालू नका, शिवणमशीनचं नाही, खोबरेल नाही, गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नाही. तेल पसरत पसरत काचेवर आणि शटरच्या पात्यांवर जातं, आणि मग लेन्स हलते पण फोटो धुरकट. आणि भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायची जी पद्धत आहे ती झूम कॅमेऱ्याला फार वाईट, तांदळाची पूड नळ्यांमध्ये जाते, म्हणजे पाणी काढायला गेलात आणि पीठ भरून आलात.

उघडायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत हवी, फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढली तरी तो लगेच उतरत नाही. बोट लागलं तर चांगलाच झटका बसतो. स्क्रूही वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतली केबल मरते.

दुरुस्ती आणि जुना कॅमेरा घेताना

रिपेअरवाले सहसा गिअर बदलत बसत नाहीत, लेन्सचं अख्खं युनिट बदलतात, कारण आत सगळं मिलिमीटरच्या हिशोबात जुळवलेलं असतं. युनिट मिळतं ते बहुतेक वेळा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून, मुंबईत बोरा बाजारात असे सुटे भाग जपून ठेवणारी माणसं आहेत. खर्च बऱ्याचदा जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीएवढाच येतो, वॉरंटी असली तरी वाळू आणि पडणं तिच्यात सहसा बसत नाही.

२०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी पाठवले, त्यातले बहुतेक याच जातीचे, नंतर फोनने त्यांचा बाजार उठवला. आता कॉलेजातल्या मुलांना ते जुने रंग आवडायला लागलेत म्हणून तेच कॅमेरे कपाटातून निघून परत विकले जातायत, आणि वर्षानुवर्षं न हललेल्या लेन्सचं ग्रीस घट्ट झालेलं असतं. असा कॅमेरा घ्यायला गेलात तर विकणाऱ्यासमोरच पाच-सहा वेळा चालू-बंद करा, एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून, झूम पूर्ण पुढे नेऊन मागे आणा आणि लेन्स कडेने बघा. तोंड वर असताना मोटरचा आवाज बसत असेल तर तो कॅमेरा ठेवून द्या, कितीही स्वस्त सांगितला तरी.