अल्बर्ट कॅशियरचं गुपित दफन करताना कळलं? नाही!

आयर्लंडहून अमेरिकेत आलेले अल्बर्ट कॅशियर, जन्माचं नाव जेनी हॉजर्स, यांच्याबद्दल एक पोस्ट सारखी फिरते की पुरायच्या वेळी अंगावरचे कपडे काढले तेव्हा कळलं की हा सैनिक बाई होता. हे साफ चुकीचंय. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1862 ला 95व्या इलिनॉय रेजिमेंटमध्ये भरती झाले, व्हिक्सबर्गच्या लढाईत लढले, 1865 ला सैन्यातून सुटले आणि पुढेही पुरुष म्हणूनच जगले. 1910-11 च्या सुमारास गाडीखाली येऊन पाय मोडला तेव्हा डॉक्टरांना कळलं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, उलट क्विन्सीच्या सैनिकांच्या होममध्ये सोय झाली. पेपरात आलं तेही ते जिवंत असतानाच, आणि 1914 ला मनोरुग्णालयात टाकून त्यांना जबरदस्तीने स्कर्ट घालायला लावला, हे वाचून अजून चीड येते. पेन्शनची चौकशी लागली, तर जुने सोबती पुढे आले, हाच आमच्याबरोबर लढलेला अल्बर्ट अशी साक्ष दिली त्यांनी, आणि पेन्शन चालूच राहिलं. 10 ऑक्टोबर 1915 ला गेले. सॉनेमिन गावात युनिफॉर्ममध्येच, लष्करी मानाने पुरलं आणि दगडावर नाव कोरलं अल्बर्ट डी. जे. कॅशियर, खाली त्यांची लष्करी तुकडी, कंपनी जी, 95 इलिनॉय. जन्माच्या नावाचा दुसरा दगड बसला तो कित्येक वर्षांनी, 1970 च्या दशकात.