एका खिडकीतलं शेजारच्या खिडकीला का कळत नाही?

बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक गैरसमज हमखास आढळतो. लिनक्सच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) एका खिडकीत एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमांसाठी नाव देऊन ठेवलेली किंमत) ‘एक्स्पोर्ट’ केलं, म्हणजे तिथून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांना द्यायचं ठरवलं, की ते उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्यांना मिळतं, असं ती धरून चालतात. शेजारच्या खिडकीतला प्रोग्रॅम ‘डेटाबेसचा पत्ता सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. मग मशीन रीस्टार्ट. त्यानं तर तो पत्ता पहिल्या खिडकीतूनही जातो! खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही, पण रीस्टार्टचा नवस बोलणं थांबवा.

आपल्या सीमाभागाला शोभेल असा एक प्रयोग करा. दोन खिडक्या उघडा. एकीत ‘लँग’ या व्हेरिएबलमध्ये भारतातली मराठी घाला, दुसरीत भारतातली कन्नड, आणि दोन्हीकडे एक्स्पोर्ट करा. (दोन्ही लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या मांडण्या, मशीनवर बसवलेले हवेत, आणि ‘एलसी ऑल’ व ‘एलसी टाइम’ ही व्हेरिएबलं रिकामी हवीत, त्यातलं एकही भरलेलं असलं तर इथं ‘लँग’ला कोणी विचारत नाही.) आता दोन्हीकडे ‘डेट’ टाइप करा. एकाच मशीनवर, एकाच क्षणी, वार आणि महिना इकडे मराठीत, तिकडे कन्नडमध्ये. या वाटणीसाठी कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलेलं नाही.

असं का होतं? खरी गंमत इथंच आहे. प्रत्येक खिडकीत शेलची, म्हणजे तुमच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्वतंत्र प्रोसेस (चालू असलेली प्रत) असते. तुम्ही ‘डेट’ म्हणता तेव्हा शेल आधी ‘फोर्क’ करून स्वतःची प्रत काढतं. ती प्रत ‘एक्झेक’ या सिस्टीम कॉलनं (कर्नलकडे करायच्या विनंतीनं) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगते, की माझ्या जागी आता ‘डेट’ चालव, आणि ही घे व्हेरिएबलांची यादी. कर्नल ती यादी ‘नाव, बरोबर चिन्ह, किंमत’ अशा ओळींच्या रूपात नव्या प्रोग्रॅमच्या स्टॅकच्या (त्याच्या मेमरीतल्या एका भागाच्या) वरच्या टोकाला उतरवून देतो. लिनक्सवर अशी एक ओळ साधारणपणे १२८ किलोबाइटपर्यंतच चालते. मुलीला सासरी पाठवताना शिदोरी बांधून द्यावी तसं हे आहे: नंतर माहेरी काही शिजलं तरी तिच्या डब्यात ते येत नाही. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून हा रिवाज आहे. दुसऱ्या प्रोसेसची यादी बदलण्यासाठी कर्नलमध्ये असा खास सिस्टीम कॉल ठेवलेला नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप तुमचा ‘पाथ’ (आज्ञा कुठल्या डिरेक्टरींत शोधायच्या ती यादी) बदलून भलतीच आज्ञा चालवून घेता.

आणखी खोलात जायचं तर चालू प्रोसेसांची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ डिरेक्टरीत आपल्या शेलच्या प्रोसेस क्रमांकाखालची ‘एन्व्हायरन’ फाइल उघडा. आत्ताच एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल तिथं दिसणारच नाही! कारण ती फाइल प्रोसेसला सुरुवातीला मिळालेली स्टॅकवरची जागा दाखवते. बॅश (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) आपली व्हेरिएबलं स्वतःच्या वेगळ्या तक्त्यात ठेवतं आणि एक्झेकच्या वेळी त्यातली एक्स्पोर्टची खूण असलेली तेवढी निवडून नवी यादी बनवतं.

मग वाटून घ्यायचं कसं? मध्ये एक फाइल ठेवायची. एक्स्पोर्टच्या ओळी तिच्यात लिहा आणि प्रत्येक खिडकीत ‘सोर्स’नं ती वाचा, म्हणजे त्या ओळी त्याच शेलमध्ये चालतात. ‘बॅश’ म्हणून ती चालवलीत तर नवी उपप्रोसेस जन्मते, व्हेरिएबलं तिच्यात भरतात आणि तिच्याबरोबरच संपतात. दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल तर सोर्सची आज्ञा ‘प्रॉम्प्ट कमांड’ या व्हेरिएबलमध्ये घाला. बॅश दर प्रॉम्प्टआधी (पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी खूण दाखवण्याआधी) ती चालवतं. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला मात्र यातलं काही कळत नाही, तो बंद करूनच पुन्हा सुरू करावा लागतो. फिश या शेलमध्ये ‘युनिव्हर्सल’ व्हेरिएबलं असतात. तिथंही मागे फाइलच असते, फक्त बदल झाल्याची वर्दी फिश इतर खिडक्यांना स्वतःहून देतं. विंडोजचं ‘सेटएक्स’ किंमत रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात) लिहितं. ती नव्या खिडक्यांना मिळते, जुन्या जुन्याच राहतात.

फाइलमध्ये पासवर्ड असेल तर तिची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असतात, आणि मोकळी ठेवलेली फाइल त्यातल्या कोणालाही वाचता येते.